ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्हचा घोळ: 'काय' विचारलं, उत्तर आलं, तरी चूक कसं?

चाटीगल्लीवाला
नमस्कार मंडळी, बाकीच्या धाग्यांवर पाण्याचं नि रस्त्याचं चाललंय ते चालू द्या, इथं जरा अभ्यासाचं विचारतो. पोरगी नववीला आहे, सेमीला. क्लासमध्ये ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह व्हर्ब, म्हणजे आपलं सकर्मक-अकर्मक क्रियापद, शिकवलं आणि ओळखायची युक्ती अशी सांगितली की क्रियापदाला "काय" नाहीतर "कुणाला" विचारायचं, उत्तर आलं की ट्रान्झिटिव्ह, नाही आलं की इन्ट्रान्झिटिव्ह. सोपं वाटलं. मग वर्कशीटला वाक्य आलं "शी रीड्स एव्हरी नाईट". पोरगी म्हणते पप्पा, वाचते म्हणजे काहीतरी पुस्तकबिस्तकच वाचत असणार की, म्हणून ट्रान्झिटिव्ह. दुसरं "ही रन्स अ शॉप". रन म्हणजे पळणे, पळणे अकर्मक, म्हणून इन्ट्रान्झिटिव्ह लिहिलं. तिसरं "ही बिकेम अ डॉक्टर". काय झाला? डॉक्टर झाला. उत्तर आलं, ट्रान्झिटिव्ह. तिन्हीवर फुली मारून आली, का चूक ते लिहिलंच नाही. मी बीकॉमवाला, हिशोब विचारा, हे नका विचारू. कुणी सांगेल का, पण पुस्तकी भाषेत नको ओ.

शेंगाचटणी
ओ मालक, "ही रन्स अ शॉप" म्हणजे दुकान घेऊन पळाला नव्हं, दुकान चालवतो. पळवतो म्हणलं तरी काय पळवतो? दुकान. कर्म सुटतच नाही बे.

जुना मास्तर
चटणीनं गमतीत बरोबर बोट ठेवलंय. मूळ गोंधळ असा आहे की पोरं क्रियापदाला एकदाच शिक्का मारतात आणि तोच जन्मभर धरून बसतात. रन इन्ट्रान्झिटिव्ह, रीड ट्रान्झिटिव्ह, असं पाठ केलेलं. इंग्रजीत बहुतेक क्रियापदं दोन्हीकडं चालतात, त्यामुळं समोरच्या वाक्यात ते कसं वापरलंय एवढंच बघायचं. "ही रन्स एव्हरी मॉर्निंग" इथं रन इन्ट्रान्झिटिव्ह. "ही रन्स अ शॉप" इथं तेच रन ट्रान्झिटिव्ह. वॉक म्हणजे चालणे, पण "ही वॉक्स द डॉग" म्हणजे कुत्र्याला फिरवून आणतो, ट्रान्झिटिव्ह झालं.

आता तुमच्या मुलीची वाक्यं. "शी रीड्स एव्हरी नाईट" मध्ये पुस्तक आपल्या मनात आहे, वाक्यात नाही. वाक्यात जे लिहिलंय तेवढंच मोजायचं. आणि "एव्हरी नाईट" हे "कधी" चं उत्तर आहे, "काय" चं नाही, म्हणून इथं रीड इन्ट्रान्झिटिव्ह. "ही वेन्ट होम" मध्ये होम असंच "कुठे" चं उत्तर, आणि "ही वॉक्ड टू किलोमीटर्स" मध्ये "किती" चं. क्रियापदामागं नाम दिसलं की पोरं त्याला ऑब्जेक्ट, म्हणजे कर्म, म्हणून मोकळी होतात, फसगत तिथंच होते.

"ही बिकेम अ डॉक्टर" ची गोष्ट वेगळी. तो आणि डॉक्टर ही माणसं दोन का एक? एकच. त्यानं डॉक्टरला काही केलं नाही, तो स्वतःच डॉक्टर झाला. अशा नामाला कॉम्प्लिमेंट म्हणतात, मराठीत पूरक, आणि बी, बिकम, सीम या मंडळींना लिंकिंग व्हर्ब म्हणतात. म्हणून नुसतं "काय" विचारू नका, उत्तर आलेली वस्तू कर्त्यापेक्षा वेगळी आहे का तेपण बघा.

पक्की खात्री करायची तर वाक्य पॅसिव्हमध्ये उलटवून बघा. "अ शॉप इज रन बाय हिम" जमतं. "एव्हरी नाईट इज रेड बाय हर" जमत नाही. "अ डॉक्टर वॉज बिकम बाय हिम" तर कानालाच लागतं. तिन्ही वाक्यांचा निकाल लागला.

पीएसआय_होणारच
सर एवढं लांब कशाला, आमच्या क्लासला एका मिनिटात होतंय. वाक्याचं मराठी करायचं, भूतकाळात टाकायचं, कर्त्याला "ने" लागला की ट्रान्झिटिव्ह. "त्याने आंबा खाल्ला", ने लागला, ट्रान्झिटिव्ह. "तो झोपला", ने नाही, इन्ट्रान्झिटिव्ह. "त्याने दुकान चालवलं", "तो डॉक्टर झाला", बघा, तिसरं वाक्यपण बरोबर येतंय, पॅसिव्ह करायची भानगडच नाही. परीक्षेत वेळ कुठं असतो ओ.

घरकुलकर
दादा तुमची युक्ती पुण्यात चालंल, आमच्याकडं सोलापुरात नाही चालत. आमच्या घरी तेलगू, आजोबा मागावर होते, मी मराठी शाळेत शिकलो. तेलगूत भूतकाळाला "ने" बिने काही नसतंय, "नेनु अन्नं तिन्नानु", म्हणजे मी भात खाल्लो, क्रियापद सरळ माझ्या मागं चालतंय, भाताच्या मागं नाही. त्यामुळं लहानपणी मराठीत "तो आंबा खाल्ला" म्हणायचो आणि बाई म्हणायच्या अरे आंब्याने त्याला खाल्लं का त्याने आंब्याला. ने कुठं लावायचा तेच ज्याला कळत नाही त्याला ने वरनं ट्रान्झिटिव्ह कसं कळणार? पहिलं ने शिका, मग त्यावरनं इंग्रजी, म्हणजे डबल काम.

आणि आमचंच कशाला, गावात कुणालाबी विचारा की. "मी काम केलो", "मी त्याला सांगितलो", "मी कडक भाकरी खाल्लो". अख्खं सोलापूर असंच बोलतंय. प्रमाण मराठीत "मी काम केलं", तिथं क्रियापद कामाच्या मागं जातंय, आपल्याकडं कर्त्याच्या मागं. मग "मी केलो" आणि "मी झोपलो" सारखंच ऐकू येतंय, सकर्मक अकर्मक काय कळणार बे?

शेंगाचटणी
"मी केलो" ला चूक म्हणायचं काम नाही हं, आधीच सांगतो. पुण्यात "मी केलो" म्हणलं की हसतात. कानडीत "नानु ऊटा माडिदे", तेलगूत तसंच, आणि शेकडो वर्ष शेजारी राहून आपली मराठीपण तसं वळली. त्यात हसण्यासारखं काय आहे?

जुना मास्तर
कुणी हसत नाही रे बाबा. उलट घरकुलकरांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, मी इतकी वर्षं शिकवलं त्यात तेलगू-कानडी घरची पोरं निम्म्याला असायची आणि "ने" ची युक्ती त्यांच्यावर वाया जायची. घरात ज्या बोलीत बोलतो तिचा आधार घेऊन शिकवलं तरच डोक्यात शिरतं.

मधुरा_सध्या_पुणे
मूळची सोलापूरची, बाळीवेस, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे :) पण "ने" ची युक्ती प्रमाण मराठीतसुद्धा फसते हो. "तो सामना जिंकला", सामना हे कर्म आहे ना? मग ने कुठाय? "ती साडी नेसली", "मी इंग्रजी शिकलो", "तो माझं नाव विसरला", "आम्ही चहा प्यायलो". सगळी कर्मवाली क्रियापदं आणि कुणालाच ने नाही. आणि उलट बाजूला "त्याने शिंकलं" म्हणणारी माणसं आहेत, तिथं कर्म नाही तरी ने आलाच. म्हणजे पीएसआय दादांच्या युक्तीनं विन, लर्न, फरगेट, ड्रिंक, वेअर हे सगळे शब्द इन्ट्रान्झिटिव्ह ठरतील, आणि पेपरात हेच शब्द नेहमी येतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मराठीत भाषांतर करून ठरवायचं ही सवयच मुळात धोक्याची. "माझी हुतात्मा एक्स्प्रेस चुकली" यात कर्ता कोण, गाडी. इंग्रजीत "आय मिस्ड द ट्रेन", कर्ता मी आणि गाडी झाली ऑब्जेक्ट. "मला शेंगा चटणी आवडते" मध्ये आवडते चटणी, मी नुसता "मला" होऊन कडेला उभा, आणि इंग्रजीत "आय लाईक" म्हणून मी पुढं. सापडणे, मिळणे, दिसणे, समजणे, सगळ्यांची हीच कथा, मराठीत वस्तू सापडते आणि इंग्रजीत माणूस ती फाइंड करतो. मग मराठी वाक्यावरून इंग्रजीचा निकाल कसा लावणार?

पीएसआय_होणारच
ताई जिंकला आणि नेसली पटलं. पण मराठी व्याकरणात हे सगळं आहेच की, उभयविध क्रियापद म्हणून. "त्याने दार उघडले" आणि "दार उघडले". आयोगाच्या पेपरला हमखास प्रश्न. मग इंग्रजीतपण तिसरा प्रकार का नाही?

जुना मास्तर
आहे की, नाव वेगळं एवढंच. उघडणे, मोडणे, कापणे, आठवणे ही आपली उभयविध. इंग्रजीत ओपन, ब्रेक, स्टॉप, मूव्ह, बॉईल, क्लोज अशी केवढी तरी आहेत. "द ग्लास ब्रोक" आणि "ही ब्रोक द ग्लास". क्रियापदाचं रूप तेच, एकदा ग्लास स्वतः फुटला, एकदा कुणीतरी फोडला.

आता मजा बघा, इथं मराठी जास्त काटेकोर आहे. आपल्याकडं फुटणे वेगळं, फोडणे वेगळं. तुटणे तोडणे, जळणे जाळणे, पडणे पाडणे, सुटणे सोडणे, फाटणे फाडणे, मरणे मारणे. आतला स्वर नाहीतर व्यंजन बदललं की अकर्मकाचं सकर्मक. जिथं तशी जोडी नाही तिथं "वणे" लावतो, शिजणे शिजवणे, थांबणे थांबवणे, पळणे पळवणे.

इंग्रजीतपण एकेकाळी हा कारखाना चालू होता, त्याचे थोडे अवशेष उरलेत आणि नेमके तेच पोरांना छळतात. राइज म्हणजे स्वतः वर येणे, रेझ म्हणजे वर उचलणे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे ठेवणे, बसवणे. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे याला "फेल अ ट्री", हे फेल म्हणजे नापास नव्हे आणि फॉलचा भूतकाळपण नव्हे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाय आणि ले. लाय म्हणजे आडवं पडणे, इन्ट्रान्झिटिव्ह. ले म्हणजे ठेवणे, पसरणे, ट्रान्झिटिव्ह, कोंबडी अंडं घालते त्यालापण हेच. इथवर ठीक, पण लायचा भूतकाळ होतो ले! "ही ले ऑन द बेड" म्हणजे तो पलंगावर पडला होता, आणि "ही लेड द चादर ऑन द बेड" म्हणजे त्याने चादर अंथरली. लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. आणि खोटं बोलणे ते लाय, लाइड, लाइड. खुद्द इंग्रज माणसंसुद्धा यात गोंधळतात, त्यामुळं नववीच्या पोरीनं चुकलं तर रागावू नका.

घरकुलकर
मास्तर जोडी म्हणलात म्हणून सांगतो, तेलगूतपण तशीच. थांबणे म्हणजे आगु, थांबवणे म्हणजे आपु. "बस्सु आगिंदि", बस थांबली. "ड्रायवर बस्सु आपाडु", ड्रायव्हरनं थांबवली. आज पहिल्यांदा कळलं की आमच्याकडं ने नसला तरी ही जोडी आहे. म्हणजे आमच्या पोरांना ने च्या ऐवजी आगु-आपु वरनं शिकवलं तर डायरेक्ट कळंल. इंग्रजी स्टॉप बघितलं की विचारायचं, आगु का आपु?

जुना मास्तर
वा! हे मी नोकरीत असताना ऐकायला पाहिजे होतं. कानडी घरच्या पोरांना तिरुगु-तिरुगिसु देता येईल, वळणे-वळवणे. पोरगं कुठल्याही घरचं असो, फुटलं का फोडलं हा फरक त्याला बोलता यायच्या आधीपासून कळतो, कप हातातनं सुटला की पहिलं वाक्य "मी नाही फोडला, फुटला" हेच असतं.

भोंगा
कप सोडा ओ. आमचे वडील मिलमध्ये होते, भोंग्यावर घर चालायचं. आमच्या चाळीत आजबी म्हाताऱ्यांचं भांडण लागतंय, मिल बंद पडली का बंद पाडली. पडली म्हणलं की कुणाचं नाव घ्यायची गरज नाही, जशी काय आपोआप दमून बसली. पाडली म्हणलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी? मालकानं, युनियननं, सरकारनं, ज्याचं त्याचं उत्तर ठरलेलं. एका आकारावरनं म्हातारी माणसं चहा टाकून उठलेली बघितलीत मी.

इंग्रजी पेपरात मात्र "द मिल क्लोज्ड" छापलं की संपलं, कुणी विचारतच नाही. "दे क्लोज्ड द मिल" लिहिलं तर दे म्हणजे कोण ते सांगावं लागतंय. माझं इंग्रजी यथातथाच, पण ट्रान्झिटिव्ह म्हणजे काय ते मला असं समजतंय.

शेंगाचटणी
भोंगाशेठ, बोललात.

मधुरा_सध्या_पुणे
हे फार मार्मिक आहे. ऑफिसात आमच्याकडे हाच खेळ रोज चालतो. "द सर्व्हर क्रॅश्ड", "द फाईल गॉट डिलीट", सगळं आपोआपच होतं, "आय डिलीटेड द फाईल" असं ट्रान्झिटिव्ह वाक्य बोललेला इंजिनिअर मी अजून पाहिला नाही.

आणि आणखी एक प्रकार, मास्तरांनी सांगितला नाही म्हणून भर घालते. "धिस चादर वॉशेस वेल". चादर काय स्वतः धुते का? धुणारा माणूस आहेच, पण वाक्यात त्याला जागाच नाही, सांगायचंय ते चादरीच्या गुणाबद्दल. "धिस बुक सेल्स वेल" तसंच. वॉश आणि सेल एरवी पक्के ट्रान्झिटिव्ह, इथं ऑब्जेक्टच कर्त्याच्या खुर्चीत येऊन बसला. मराठीत आपण "ही चादर चांगली धुतली जाते" म्हणू, इंग्रजीला "जाते" पण लागलं नाही.

अक्कलकोट_रोड
चादर निघाली म्हणून आलो. आमचा टॉवेलचा धंदा आहे, बाहेरच्या पार्टीला मेल जातात, आणि ज्या चुका होतात त्यातल्या निम्म्या याच प्रकारच्या असतात असं आत्ता हा धागा वाचून लक्षात आलं. ऑफिसमधली पोरं लिहितात "वी विल डिस्कस अबाऊट द ऑर्डर". एक बायर जुना, मोकळा माणूस, त्यानं एकदा गमतीनं सांगितलं की तुमचा अबाऊट काढून टाका, डिस्कसला चिकटवायची गरज नाही. मी तेव्हापासून बारीक लक्ष ठेवतोय. "द कंटेनर रीच्ड टू द पोर्ट", इथं टू नको, रीच्ड द पोर्ट. "वी हॅव ऑर्डर्ड फॉर यार्न", फॉर नको. पोरीच्या लग्नाच्या सुट्टीचा अर्ज, "शी इज मॅरीइंग विथ अ डॉक्टर", विथ नको. कारण काय, मराठीत आपण ऑर्डर*बद्दल* बोलतो, बंदरा*वर* पोचतो, डॉक्टर*शी* लग्न करतो. ते बद्दल, वर, शी आपण इंग्रजीत बरोबर घेऊन जातो, आणि तिकडं ही सगळी क्रियापदं ट्रान्झिटिव्ह आहेत, त्यांना मधे काही चालत नाही.

आणि उलटंपण होतंय. आपण "गाणं ऐकतो", "माझी वाट बघतो", मधे काही नाही, म्हणून पोरं लिहितात "लिसन द साँग", "प्लीज वेट मी". तिथं टू आणि फॉर पाहिजेच, कारण लिसन आणि वेट इन्ट्रान्झिटिव्ह. अटेंडचं तर भलतंच, "अटेंड द मीटिंग" म्हणजे मीटिंगला हजर राहणे, आणि "अटेंड टू द कस्टमर" म्हणजे गिऱ्हाइकाकडं लक्ष देणे, टू लावला की अर्थच बदलला. एंटरपण तसंच, खोलीत शिरायला "एंटर द रूम", पण करार करायचा तर "एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट" बरोबर.

शाळेत कुणी हे असं शिकवलंच नाही. आम्हाला व्याख्या आली, "द ॲक्शन पासेस ओव्हर टू द ऑब्जेक्ट", घोकली, मार्क मिळाले. ती व्याख्या मला आजपर्यंत एका मेलमध्येबी कामाला आली नाही.

पीएसआय_होणारच
ओ अण्णा हे लई भारी आहे, एरर स्पॉटिंगला सगळं हेच विचारतात. डिस्कस अबाऊट, रिझेम्बल विथ, कम्प्राइज ऑफ. आम्ही प्रीपोझिशनची चूक म्हणून यादी पाठ करतो. ट्रान्झिटिव्हचा धडा वेगळा आणि प्रीपोझिशनचा धडा वेगळा, दोन्ही एकच आहे हे कुणी बोललंच नाही.

अजून एक डाऊट. "अपघात झाला होता" ला मी कायम "द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड" लिहितो, सर काट मारतात. होता म्हणजे वॉज ना?

जुना मास्तर
होता म्हणजे वॉज पण आणि हॅडपण, मराठीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून हे होतं. "तो आजारी होता" इथं वॉज. "अपघात झाला होता" इथं हॅड, "द ॲक्सिडेंट हॅड हॅपन्ड". वॉज लावून पुढं तिसरं रूप ठेवलं की ते पॅसिव्ह होतं, आणि पॅसिव्ह फक्त ट्रान्झिटिव्हचं होतं. हॅपनला ऑब्जेक्टच नाही, मग पॅसिव्हमध्ये कर्त्याच्या जागी आणणार कुणाला? "वॉज डाइड", "वॉज अराइव्ह्ड", "वॉज ऑकर्ड" सगळी याच कारणानं बाद.

मधुरा_सध्या_पुणे
मास्तर, पॅसिव्हची कसोटीपण शंभर टक्के नाही हं, पोरांना सांगून ठेवा. "आय हॅव अ कार" मध्ये कार ऑब्जेक्ट आहे, पण "अ कार इज हॅड बाय मी" कोण म्हणतं? "धिस शर्ट फिट्स मी", "शी रिझेम्बल्स हर मदर", "इट कॉस्ट्स फिफ्टी रुपीज", यातलं एकही उलटत नाही. आणि दुसरीकडे लाफ इन्ट्रान्झिटिव्ह असून "ही वॉज लाफ्ड ॲट" मजेत चालतं.

जुना मास्तर
बरोबर आहे. लाफ ॲट ही दोन शब्दांची जोडगोळी इंग्रजी एकाच क्रियापदासारखी वागवते, म्हणून तिचं पॅसिव्ह होतं, तो ॲट मात्र शेवटी लोंबत ठेवावा लागतो, तो गाळला की चूक. आणि हॅव, फिट, रिझेम्बल, लॅक, सूट, कॉस्ट या थोड्यांमध्ये कुणी कुणाला काही करत नाही, नुसती स्थिती सांगायची असते, म्हणून ती उलटत नाहीत. ही चारदोन पाठ करा, बाकी कसोटी चालवा. व्याकरणात अपवाद निघाला म्हणून कसोटी फेकायची नसते, नाहीतर हातात काहीच उरणार नाही.

आपल्याकडं पाणिनीच्या सूत्रातसुद्धा अकर्मक धातूंची सोय वेगळी लावलेली आहे, कर्म नसेल तर भावे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, दामल्यांचं मोठं व्याकरण १९११ चं, आणि शाळेत कर्तरी-कर्मणी-भावे करून आपण जे रडत होतो ते हेच प्रकरण. पण पोरांना मराठीच्या तासाला सकर्मक शिकवतात आणि इंग्रजीच्या तासाला ट्रान्झिटिव्ह, आणि दोन्ही मास्तर एकमेकांशी बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये मीपण बोलायला गेलो तर आम्ही डीएचं बोलायचो.

चाटीगल्लीवाला
मंडळी दुकानात गर्दी होती, आत्ता सगळं वाचलं. पोरीला मिल बंद पडली-पाडली सांगितलं तर एका झटक्यात कळलं, आता घरभर हिंडून विचारतीये, पप्पा दूध उतू गेलं का घालवलं. मग एक विचारायचं होतं, एखादा शब्द दोन्हीकडं चालतो का नाही हे प्रत्येक वेळी तुम्हाला विचारत बसणार का? कुठं बघायचं?

मधुरा_सध्या_पुणे
काका, डिक्शनरीत. पण इंग्लिश-मराठी नको, शिकणाऱ्यांसाठीची इंग्लिश-इंग्लिश घ्या, फोनवर फुकट मिळतात. शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढं चौकटीत टी नाहीतर आय अक्षर असतं. टी म्हणजे ट्रान्झिटिव्ह, आय म्हणजे इन्ट्रान्झिटिव्ह, दोन्ही असली तर दोन्ही. पोरं अर्थ बघतात आणि हे अक्षर सोडून पुढं जातात. आणि अर्थागणिक बघायचं, रन उघडलं की पळणेपुढं आय दिसेल, दुकान चालवणेपुढं टी.

जुना मास्तर
ही सोय आपसूक झालेली नाही. हॉर्नबी नावाचा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचा, तिथल्या पोरांना नुसता अर्थ सांगून भागत नाही, क्रियापदापुढं काय येतं तेपण सांगावं लागतं हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून त्यानं क्रियापदांचे पंचवीस साचे पाडले आणि शब्दागणिक साच्याचा नंबर दिला. १९४२ साली ती डिक्शनरी टोकियोत निघाली, पुढं ऑक्सफर्डनं घेतली. परक्या भाषेतनं इंग्रजीकडं येणाऱ्यासाठी मुद्दाम केलेलं काम आहे ते, म्हणजे आपल्यासाठीच.

पीएसआय_होणारच
ताई तुमचं जिंकला-विसरला-शिकला वहीत लिहून घेतलं. जेवलो पण त्यात येतं का? आम्ही जेवलो, ने नाही.

मधुरा_सध्या_पुणे
जेवणे वेगळं, त्याला आपण सहसा कर्मच देत नाही. "मी भाकरी खाल्ली" म्हणतो, "मी भाकरी जेवलो" म्हणत नाही. इंग्रजीत तेच, ईट कसंही चालतं, "आय हॅव इटन" म्हणा नाहीतर "आय हॅव इटन भाकरी" म्हणा. डाइनला ऑब्जेक्ट चालत नाही आणि डिव्हाउरला ऑब्जेक्टशिवाय चालत नाही. तिघांचा अर्थ साधारण खाणंच, पण वागणूक तीन तऱ्हेची. आणि "ही ड्रिंक्स" एवढंच म्हणलं तर काय पितो ते विचारायला लागत नाही, "तो पितो" सारखंच.

शेंगाचटणी
ते अख्ख्या गल्लीला माहिती असतंय.

अक्कलकोट_रोड
जाता जाता एक, माझा नेहमीचा. मेलमध्ये "प्लीज एक्स्प्लेन मी द डिले" लिहितो, कॉम्प्युटर खाली रेघ मारतो. "टेल मी" चालतं, "शो मी" चालतं, मग एक्स्प्लेन मी ला काय झालं?

जुना मास्तर
टेल, शो, गिव्ह, सेंड, टीच ही द्विकर्मक. माणूस आणि वस्तू दोन्ही ऑब्जेक्ट शेजारीशेजारी घेतात, "गिव्ह मी द बिल". एक्स्प्लेन, सजेस्ट आणि से यांना एकच ऑब्जेक्ट झेपतो, तो म्हणजे जे सांगायचं ते. माणूस आणायचा तर टू लावून मागनं आणायचा. "प्लीज एक्स्प्लेन द डिले टू मी". मराठीत मला सांग, मला समजाव, मला सुचव सगळीकडं एकच "मला", म्हणून आपल्याला तिन्ही सारखी वाटतात. मेलमध्ये टू मी नाही लिहिलं तरी चालेल, "प्लीज एक्स्प्लेन द डिले" एवढंच पाठवा.